श्रीखंडाच्या डब्यातली सहा इंजेक्शनं

आमच्या फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड शेवटचं कधी होतं, ते मला आठवत नाही. आधी त्यात आलं-लसणाची पेस्ट असायची, मग बरेच दिवस ओलं खोबरं, आणि नवऱ्याचं डायलिसिस सुरू झाल्यापासून त्याची इंजेक्शनं. एखादा पाहुणा आशेने झाकण उघडायचा आणि आत सुया पाहून मुकाट्याने बंद करायचा. उलव्यातल्या आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि चारही घरांत श्रीखंडाच्या डब्याची हीच गत आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

इंजेक्शनं होती रक्त वाढवायची. किडनी फक्त लघवी तयार करते अशी माझी नवरा आजारी पडेपर्यंत समजूत होती. ती एक हार्मोनही बनवते. ते हार्मोन हाडांच्या आत जाऊन सांगतं, बाबांनो, लाल पेशी तयार करा. किडन्या बसल्या की हा निरोप जायचा बंद होतो, माणूस पांढराफटक पडतो आणि एक जिना चढताना तीनदा थांबतो. मग तोच निरोप सुईतून द्यावा लागतो. डॉक्टरांनी मला हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं. ते चित्र मी फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं होतं, भाजीवाल्याच्या नंबराशेजारी.

सुई पोटावर, कातडीखाली टोचायची. नर्सने एकदा दाखवलं आणि मी घरीच टोचायला लागले. "अगं, सुई आहे ती, दाभण नाही," नवरा दर वेळी म्हणायचा. नवऱ्याला मी अरे-तुरे करते. सासूबाई होत्या तोवर चारचौघांत अहो म्हणायचे आणि दार लावलं की अरे. हा माणूस मुळात फार बोलत नाही, पण जे बोलतो ते असं हळूच कोपराने ढोसल्यासारखं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार वाशीला जाऊन चार-चार तास मशिनला जोडून बसायचा आणि घरी आल्यावर विचारायचा, "आज माझ्या वाटणीचं पाणी किती उरलंय?" त्याला दिवसाला एक लिटर पाणी होतं. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचा घोटही आला. नवऱ्यासाठी मी पाणी मापून ठेवत होते.

त्याला किडनी हवी होती. मुलगी तयार होती, पण तिचं अजून सगळंच व्हायचं होतं, म्हणून आम्ही दोघांनी तिला हात जोडले. माझा रक्तगट त्याला चालणारा निघाला. मी डॉक्टरांना म्हटलं, "माझी एक घ्या की." पानात दुसरी पोळी वाढावी इतक्या सहज म्हटलं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते गृहस्थ कमी बोलणारे, पण मोजकं तेवढंच लागणारं. म्हणाले, "मॅडम, वजन ऐंशीच्या पुढे, साखर काठावर. आधी पंधरा किलो उतरवा, मग बोलू."

म्हणून मी पळायला लागले. लोक हौसेने पळतात, मी रागाने पळाले. आमच्याकडे रस्ते रुंद आणि पहाटे रिकामे. विमानतळाच्या बाजूला तोंड करून पळायला लागलं की कुत्र्यांशिवाय कुणी हसायला नसतं. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांच्या मधलं अंतर पळाले आणि तिसऱ्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. तिथेच मला आमचे कोच भेटले. ते जासईचे, कंटेनर यार्डात सुपरवायझर, पन्नाशी उलटलेले आणि अंगाने खारकेसारखे. पहाटे आठ-दहा जणांना फुकट पळायला शिकवायचे, कारण एकट्याने पळायला त्यांना कंटाळा यायचा.

"बाय, खांबाला सोर," ते त्यांच्या आगरी बोलीत म्हणाले, जिच्यात ड चा र होतो, "तो नाय परत. पाय उचल जरा. रस्ता हाय, चिखल नाय."

मी खांब सोडला. आठ महिन्यांत पंधरा किलो सोडले. साखर खाली आली. आणि मग एक गोष्ट झाली, जी मी कुणाला सांगितली नाही. मला पळणं आवडायला लागलं. इतकं की सकाळी नवऱ्याच्या आधी बुटांची आठवण यायची. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पिंडऱ्यांना तेल लावून आरशात वळून-वळून बघते आहे, हे दृश्य त्याने एकदा पाहिलं आणि नुसता म्हणाला, "किडनीला पिंडऱ्या लागत नाहीत."

आमच्या ग्रुपमध्ये ताकद वाढवायची जी औषधं चालायची ती सगळी मंडईतली. कुणी बीटाचा रस पिऊन यायचं आणि ओठ लाल करून हिंडायचं. कुणी गूळ-चणे. एक बँकेतले साहेब होते, ते तिखटमिठाची पुडी खिशात ठेवायचे आणि दहाव्या किलोमीटरला चाटायचे. कोच यातलं काही मानायचे नाहीत. त्यांचं एकच, सुकट-भाकरी आणि आठ तास झोप. मी सगळं करून पाहिलं. तरी एकवीस किलोमीटरला मला दोन तास सात मिनिटं लागायची. दोन तासांच्या आत यायचं, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि वेळ थोडा होता. तपासण्या पुढे सरकल्या होत्या, ऑपरेशन जानेवारीत करू असं ठरत आलं होतं. शर्यत होती डिसेंबरात, पाम बीच रोडवर. माझा हिशोब असा, की ही आपली दोन किडन्यांवरची शेवटची शर्यत. पुढे पळता येईल असं डॉक्टर म्हणत होते, पण डॉक्टर काय, म्हणतात. मला आत्ताच यायचं होतं, दोन तासांच्या आत, सगळा माल अंगात असताना.

नेमकं त्याच दिवसांत ग्रुपवर एक बातमी फिरली. परदेशातला कुणी सायकलवाला पकडला गेला होता. वर्षानुवर्षं एक हार्मोन टोचून घेत होता. त्याने रक्तातल्या लाल पेशी वाढतात, पेशी वाढल्या की प्राणवायू जास्त आणि प्राणवायू जास्त म्हणजे दम जास्त. कसा लपूनछपून मिळवला, कुठल्या हॉटेलात टोचला, असं सगळं रंगवून लिहिलेलं. खाली हार्मोनचं नाव होतं. मी भाजी चिरत होते. नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुरी हातात तशीच धरून फ्रिजकडे बघितलं.

मला हसूच फुटलं. जगभरातले पहिलवान ज्याच्यासाठी चोरवाटांनी हिंडतात, ते आमच्या घरात लोणच्याच्या बरणीला टेकून बसलेलं!

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मला उरलेलं टाकवत नाही. हा गुण की रोग, यावर आमच्या घरात एकमत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला जातो, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, इथवर सगळ्यांचंच असतं. पण मी खोकल्याचं औषध खोकला गेल्यावरही बाटली संपेपर्यंत घेते. मुलीच्या मुरुमांचं मलम ती हॉस्टेलला गेल्यावर माझ्या चेहऱ्यावर संपलं. एकदा शेजारच्यांच्या कुत्र्याची कॅल्शियमची पावडर उरली होती, तिथे मात्र नवऱ्याने मला हाताला धरून थांबवलं.

आणि इंजेक्शनं उरली होती. नवऱ्याचं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी वर आलं म्हणून डॉक्टरांनी ती काही दिवस थांबवली होती. डब्यात सहा शिल्लक. फ्रिजमधलं औषध दुकानदार परत घेत नाही. एक्स्पायरी जानेवारीअखेर. मी सरळ विचार केला, की ऑपरेशन झालं की याला ती लागणारच नाहीत, म्हणजे सहाच्या सहा वाया. वाया! तो शब्द डोक्यात आला की माझा विवेक भांडी घासायला निघून जातो. आज वाटतं, डायलिसिसच्या हॉलमध्ये शेजारच्या खाटेवर एक बाई असायची, पांढऱ्या ओठांची. इंजेक्शन परवडत नाही म्हणून महिन्यात दोनच घ्यायची. नर्सला विचारून ती तिला देता येतील का, हे सुचायला काय हरकत होती? सुचलं नाही. मला फक्त घड्याळ दिसत होतं.

पहिलं मी बाथरूममध्ये घेतलं, नळ सोडून. नवरा बाहेर पेपर वाचत होता. पोटाची वळी चिमटीत धरली आणि टोचलं. तेव्हा कळलं की तो दाभण म्हणायचा ते खरं होतं.

आठवड्याला दोन. दहा-बारा दिवस काहीच झालं नाही आणि मी मनातल्या मनात त्या सायकलवाल्याला शिव्या दिल्या. मग एका सकाळी कोच आम्हाला पुलाचा चढ पळायला घेऊन गेले. त्या चढावर माझी नेहमी देवाशी बोलणी व्हायची. त्या दिवशी मी वर पोचले आणि मागे वळून बघते तर सगळे खाली. मला वाटलं, काहीतरी चुकलं, मी मधूनच सुरुवात केली की काय. पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढले. श्वास होताच. बोलता येत होतं. मी चढावर बँकेतल्या साहेबांना डाळ-ढोकळीची कृती सांगत होते आणि ते बिचारे हातानेच "पुरे" म्हणत होते.

काय सांगू, ते दिवस! पायांना जमीन कमीच लागायची. सकाळी आरशात गाल लाल दिसायचे, लग्नाच्या अल्बममध्ये आहेत तसे. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, सिलिंडर एकटीने सरकवायची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीशी पाण्याच्या टाकीवरून पाऊण तास भांडले आणि शेवटी त्यांनीच बसून घेतलं. सुईचा भाग त्यात किती आणि मनाचा किती, देव जाणे. संध्याकाळी कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणका लागायचा आणि कानात बारीक शिट्टी वाजायची. त्याला मी ऊन म्हणत होते. डिसेंबरातलं ऊन.

"बाय, काय खाऊन येतंस हल्ली?" कोचनी विचारलं.

"सुकट," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना माझी सुकट पटली नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं.

सहावं इंजेक्शन मी घेतलं नाही. सद्बुद्धी वगैरे काही नाही, शर्यतीच्या आठवड्यात डोकं इतकं दुखत होतं की सुई बघितली की मळमळायचं. ते एकटं डब्यात राहिलं.

शर्यतीच्या दिवशी नवरा माझ्याबरोबर आला. अठराव्या किलोमीटरपाशी, खाडीच्या बाजूला, घडीचं स्टूल टाकून बसेन म्हणाला. मी त्याला नको म्हटलं, आदल्या दिवशीच मशिनवर बसून आला होता, त्या आठवड्यात वार बदलले होते. तो आलाच. आणि मी पळाले. कशी पळाले! पहिले दहा किलोमीटर तर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरी मागे पडत होत्या आणि मी त्यांना जाता जाता "छान, छान" म्हणत होते, हे आठवून आज मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. खारफुटीवरून वारा येत होता. घड्याळ सांगत होतं की दोन तासांच्या खूप आत येणार.

अठराव्याला तो दिसला. स्टुलावरून उठून उभा, टोपी घातलेला, हातात छोटी बाटली पुढे केलेली. मी पळता पळता घेतली, गटागट प्यायले, बाटली त्याच्याकडे भिरकावली. दहा पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं. ती त्याची बाटली होती. त्याच्या दिवसभराच्या लिटरातली सकाळची वाटणी. पाण्याचे स्टॉल तर दर दोन किलोमीटरवर होते. पण त्याला मला स्वतःच्या हाताने द्यायचं होतं, आणि द्यायला त्याच्याकडे तेवढंच होतं. मी ते प्यायले होते, त्याच्याच इंजेक्शनांनी दाट केलेल्या रक्तात.

मी थांबले नाही. पळतच राहिले. एक तास छप्पन्न मिनिटं.

नंतरचे दहा दिवस मी मेडल घालून भाजी आणायला जायची बाकी राहिले होते. मग ऑपरेशनआधीची शेवटची तपासणी आली. नर्सने माझं बीपी घेतलं, यंत्राकडे पाहिलं, दुसरं यंत्र आणलं. मग डॉक्टरांनी स्वतः घेतलं, दोन्ही हातांचं. मग रक्ताचा रिपोर्ट उघडला.

"सिगारेट ओढता?"

मी हसले. "छे हो."

"मग डोंगरात, विरळ हवेत राहून आलात कुठे? लडाख वगैरे?"

"डॉक्टर, मी उलव्यात राहते," असं म्हणून मी पुन्हा हसले. नवराही हसला.

"हसू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमचं बीपी इतकं वर असेल तर मी तुमची किडनी काढणार नाही. कुणीच काढणार नाही. आणि हे रक्त इतकं दाट का झालंय ते मला कळेपर्यंत तारीख रद्द. कदाचित तुम्हाला दाता म्हणून बादच करावं लागेल."

खोली एकदम लहान झाली. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही. तो मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरांना म्हणाला, "तिला काही झालेलं नाही ना? आधी तेवढं सांगा. माझं राहू दे."

त्या "राहू दे"ने माझा बांध फुटला. दोन वर्षं ज्या माणसाचा जीव एका तारखेला टांगलेला होता, तो म्हणत होता राहू दे. मी पर्स उघडली. त्या दिवशी सकाळीच, का कोण जाणे, सहावं इंजेक्शन मी बर्फाच्या पिशवीत गुंडाळून बरोबर घेतलं होतं. बहुधा आपल्याला खोटं झेपणार नाही, हे माझ्या हातांना माझ्याआधी कळलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सायकलवाला, नळ, चढ, डोकेदुखी, सगळं. एका दमात. दम तर भरपूर होता.

डॉक्टरांच्या तोंडाचा आ तसाच राहिला होता. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. आधी मला वाटलं नवरा रडतोय. तो हसत होता. पोट धरून, खोकत, डोळ्यांतून पाणी काढून.

"डॉक्टर," तो कसाबसा म्हणाला, "तुम्हाला सांगायचं राहिलं. हिला उरलेलं टाकवत नाही."

डॉक्टरांनी आधी त्याला पाणी द्यायला हात पुढे केला, मग त्याचं माप आठवून मागे घेतला. आणि मग मला अशी काही धुतली की लहानपणी वडिलांनीही धुतली नव्हती. म्हणाले, रक्त पिठल्यासारखं दाट झालं की हृदयाला ते ढकलत बसावं लागतं. गुठळी झाली, मेंदूत गेली, की माणूस एका अंगाने लुळा पडतो. धडधाकट खेळाडू झोपेत गेलेत या नादात. "तुम्ही त्याला किडनी द्यायला निघालात की त्याच्या गळ्यात आणखी एक पेशंट बांधायला?" मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्यांनी ते सहावं इंजेक्शन उचललं आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकलं.

"अजून वीस दिवस होते हो त्याला," माझ्या तोंडून गेलं.

त्यानंतरची त्यांची नजर मी इथे लिहीत नाही.

इलाज काही नव्हता, थांबणं हाच इलाज. जादा पेशी आपोआप मरायला तीन-चार महिने. बीपी रोज घरी मोजायचं. पळणं बंद, फक्त चालणं. आणि तोवर नवऱ्याचं सोमवार, बुधवार, शुक्रवार चालूच. माझ्या अकरा मिनिटांसाठी त्याच्या वाट्याला आणखी तीन-चार महिने मशिन आलं होतं. मी प्रत्येक वेळी बरोबर जायला लागले आणि चारही तास स्टुलावर बसायला लागले. बोलायला जायची तर तो म्हणायचा, "शिक्षा म्हणून बसली असशील तर माझी कशाला वाढवतेस?" मार्चमध्ये एकदा त्याला मशिनवरच थंडी वाजून ताप भरला. रक्तात इन्फेक्शन. आठ दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता आणि त्या आठ दिवसांत मला एकदाही हसू आलं नाही. तो गेला असता तर ते माझ्यामुळे गेला असता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

कोचना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांच्या घराच्या ओटीवर बसून. ते आपल्या वहीत सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवायचे. त्यांनी वही आणली, माझ्या नावापुढचा तो एक तास छप्पन्न बोटाने दाखवला आणि पेन माझ्याकडे दिलं.

"तुझ्या हातानं खोर, बाय."

मी खोडला. त्यांनी वही मिटली आणि आतून माझ्यासाठी सुकटीची चटणी आणि भाकरी आणली. "ही खाल्ली अस्तीस तर," एवढंच म्हणाले. आयोजकांनाही कळवलं. माझ्या वयोगटात मी चौथी आले होते, म्हणजे कुणाचं बक्षीस मी खाल्लं नव्हतं, तेवढं एक बरं. मेडल मात्र परत पाठवलं. ते पाठवताना, खरं सांगायचं तर, वाईट वाटलं.

एप्रिलच्या शेवटी माझं बीपी एखाद्या शाळकरी मुलीसारखं आलं. रक्त पातळ, लडाखहून खाली उतरलेलं. मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत झाली. नवरा-बायको असल्याचा पुरावा म्हणून लग्नाचे फोटो नेले होते. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही हे कुणाच्या दबावाखाली करताय का?" मी म्हणाले, "दबाव होता, पण आता उतरला." डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले.

ऑपरेशन झालं. माझी डावी त्याला गेली. शुद्धीवर आल्यावर मला आधी कळलं ते हे, की किडनी टेबलावरच चालू झाली. नर्स बातमी घेऊन धावत आली, "मॅडम, दोन लिटर!" मी विचारलं, काय दोन लिटर? "लघवी हो!" आणि सगळ्या वॉर्डात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. लघवीची पिशवी बघून बायका टाळ्या वाजवतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. टाके तुटतील म्हणून मला हसू नका सांगत होते आणि मी उशी पोटाशी धरून हसत होते.

तीन महिन्यांनी आम्ही दोघं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट उघडला, वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यांचं हिमोग्लोबिन जरा जास्तच आलंय. घरी काही दिलंत?"

"आईशप्पथ नाही," मी म्हणाले. "किडनी तेवढी दिली."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. नवी किडनी कधी कधी उत्साहाच्या भरात हार्मोन जास्त बनवते म्हणाले, एका गोळीने ताळ्यावर येते. म्हणजे जे मी डब्यातून चोरलं, ते माझीच किडनी त्याच्या पोटात बसून फुकट, ताजं, रोजच्या रोज बनवत होती. त्याला ना फ्रिज लागत होता ना एक्स्पायरी होती. घरी आल्यावर मी श्रीखंडाचा डबा गरम पाण्याने धुतला आणि त्यात ओलं खोबरं भरलं.

पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा पळाले, एका किडनीवर आणि सुकट-भाकरीवर. डॉक्टरांची लेखी परवानगी कोचनी स्वतः वाचून पाहिली. वाऱ्याच्या विरुद्ध पाय ओढत होते, पोरी मला मागे टाकत होत्या आणि त्यातली एक जाता जाता "छान, आँटी" म्हणाली. अठराव्या किलोमीटरपाशी नवरा होता. स्टूल नव्हतं. उभा होता, गाल लाल, हातात मोठी बाटली. दिवसाला तीन लिटर प्यायलाच पाहिजे, असा त्याला आता हुकूम आहे.

मी घसा कोरडा घेऊन हात पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटली स्वतःच्या तोंडाला लावली आणि मान मागे टाकून प्यायला लागला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. थांबलाच नाही. शर्टावर सांडलं, तरी थांबला नाही. लिटरभर पाणी त्याने माझ्यासमोर एका दमात संपवलं, रिकामी बाटली उलटी करून दाखवली आणि म्हणाला, "उरलं नाही."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसत होते आणि रडत होते, आणि मागून येणारे लोक मला वळसा घालून जात होते. दोन तास चौदा मिनिटं लागली. कोचच्या वहीत ती वेळ मी माझ्या हाताने लिहिली.